अप्रेंटिसशिप, डिग्री आणि हातातलं एक वर्ष

पत्र थोडक्यात : वडोदऱ्यातल्या नवापुऱ्यात राहणारी वीस वर्षांची मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. बाबा मंगळ बाजारातल्या एका दुकानाचे हिशेब सांभाळतात, पगार बेताचा. धाकटा भाऊ दहावीत. तिला डिग्री करायचीच आहे, पण घरात चार पैसेही यायला हवेत, म्हणून कॉलेज आणि अप्रेंटिसशिप एकदमच करावी असा तिचा विचार आहे. मामांच्या ओळखीचा मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) एक कारखानदार ‘ट्रेनी’ म्हणून महिना दहा हजार रोख द्यायला तयार आहे. कागद काही नाही, वर ‘कॉलेज सांभाळून ये’ असंही तो म्हणतो. दुसरीकडे सावली गावाजवळच्या एका मोठ्या कंपनीत वर्षभराची अप्रेंटिसशिप आहे, स्टायपेंड त्याहून कमी. आजोबा म्हणतात, मोठ्या कंपनीत एकदा आत शिरलं की माणूस कायम होतोच. आईला मुलीने एवढ्या लांब कारखान्यात जाणं पसंत नाही. मुलगी विचारते : यातलं काय धरू, दोन्ही कसं सांभाळू, आणि वर्ष वाया तर जाणार नाही ना?

तुझ्या पत्रात मधेच एक वाक्य आलंय : ‘अप्रेंटिसशिप म्हणजे कमी पगाराची नोकरीच ना?’ तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीचा बराचसा गोंधळ त्या एका समजुतीतून निघालाय.

नोकरी नाही ती. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अगदी स्पष्ट लिहिलंय की अप्रेंटिस हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. म्हणून तुझा पीएफ कापला जाणार नाही, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मिळणार नाही. पण त्याच कायद्याने कंपनीवर तुला शिकवायची जबाबदारी टाकली आहे. सुरक्षितता आणि आरोग्याच्या बाबतीत कामगारांना जे नियम, तेच तुला. काम करताना इजा झाली तर भरपाई कंपनीने द्यायची. अप्रेंटिस सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला बसवता येत नाही. स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळायला हवा. हे सगळं करारपत्रावर येतं आणि तो करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो.

आता मकरपुऱ्याचं काम याच्या शेजारी ठेवून बघ. ‘ट्रेनी’ हा शब्द कोणीही कोणालाही लावू शकतो. तिथे तू कायद्याने अप्रेंटिस नाहीस, म्हणून शिकवण्याचं बंधन नाही. आणि कामगार म्हणून हजेरीपटावर नाव नाही, म्हणून पीएफ-ईएसआयही नाही. दोन्हीकडचे तोटे तेवढे तुझ्या पदरात. उद्या प्रेसच्या यंत्रात बोट सापडलं तर ‘ही आमच्याकडे नव्हतीच’ म्हणायला त्यांना एक मिनिट लागणार नाही. मामांच्या ओळखीचा माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. मकरपुऱ्याच्या लहान कारखान्यांत हाताखाली घेऊन मनापासून शिकवणारे शेठ आहेत, आणि मोठ्या कंपनीत वर्षभर नुसत्या फायली लावायला लावणारेही आहेत. पण चांगल्या माणसाला कागद करायला अडचण नसते. मामांना म्हणावं, त्यांना एवढंच विचारा : पोर्टलवर करार करून अप्रेंटिस म्हणून घ्याल का? लहान कारखान्यांनाही ते करता येतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तर अप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे. हो म्हणाले तर तो पर्याय खुशाल विचारात घे, दहा हजारांसकट.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार जणांना उशिरा कळते. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांच्या अप्रेंटिसशिपसाठी सरकारी कंपन्यांच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत बहुधा एक अट असते : वर्षभराचा किंवा जास्त कामाचा अनुभव असेल, किंवा आधी अप्रेंटिसशिप झालेली असेल, तर अर्ज करू नये. म्हणजे ‘आधी वर्षभर इथे काढू, मग चांगली अप्रेंटिसशिप बघू’ हा हिशेब चालत नाही. ही संधी एकदाच मिळते असं धरूनच जागा निवडायची.

पैशांचं सांगते. २०१९ च्या नियमांप्रमाणे डिप्लोमाधारकाला महिना किमान ८,००० रुपये आणि पदवीधराला किमान ९,००० रुपये मिळायला हवेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने या आकड्यांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून अर्ज करशील त्या दिवशी पोर्टलवरचा दर बघून घे. हा किमान आकडा आहे, कंपनी जास्त देऊ शकते, आणि मोठ्या कंपन्या बऱ्याचदा देतातही. सावलीच्या कंपनीत बस आणि कॅन्टीन असेल तर तुझा तो खर्चही वाचेल. मकरपुऱ्याच्या दहा हजारांतून रिक्षाभाडं आणि बाहेरचं खाणं वजा कर, मग दोन आकडे शेजारी ठेव.

पण त्याआधी एक विचारते. घरात पैसे यायला हवेत, हे बाबांनी म्हटलंय की तू मनाशी ठरवलंस? तुझ्या पत्रात बाबांचं एकही वाक्य नाही. आजोबांचं आहे, आईचं आहे, मामांचं आहे. मध्यमवर्गीय घरातली मोठी मुलगी आईबाबांच्या चेहऱ्यावरून घरचा ताळेबंद वाचते आणि कोणी न सांगता स्वतःच्या शिक्षणाला कात्री लावते, असं मी पुष्कळदा पाहिलंय. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांसमोर वही घेऊन बस. ते दुसऱ्यांचे हिशेब आयुष्यभर लिहीत आले आहेत, घरचाही लिहून देतील. डिग्रीच्या तीन वर्षांची फी किती, भावाच्या अकरावी-बारावीला किती लागेल, तुझ्याकडून खरंच काही यायला हवं का, आणि हवं तर कधीपासून? गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमध्ये मदत करते, डिप्लोमानंतर डिग्रीला जाणाऱ्यांनाही. तिच्या मदत केंद्रात जाऊन गुणांची अट विचार, आणि मध्ये एक वर्ष गेलं तर त्या मदतीवर काय परिणाम होतो हेही विचार. हे उत्तर हातात आल्याशिवाय वर्ष थांबायचं ठरवू नकोस. कदाचित बाबा म्हणतील, बेटा, तू सरळ कॉलेजला जा. तसं झालं तर या पत्राचा उरलेला भाग डिग्री संपल्यावर वाच, तेव्हाही तो तुझ्या कामाचा असेल.

आता दोन्ही एकदम करण्याबद्दल. मन लावून लिहिलंयस, म्हणून मीही स्पष्टच सांगते : तू ज्या पद्धतीने म्हणतेस तसं होणार नाही. अप्रेंटिसशिप पूर्ण दिवसाची असते. डिग्री इंजिनिअरिंगलाही हजेरी लागते, प्रॅक्टिकल असतात. ‘कॉलेज सांभाळून ये’ हे म्हणायला गोड आहे, पण त्यातून कॉलेजची हजेरी बुडते आणि कारखान्यात तुला धड कुठलंच यंत्र दिलं जात नाही, कारण तू कधी येशील याचा त्यांना भरवसा नसतो. आणि दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंग करून देतो असं कोणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच अशा पदव्यांवर कठोर निकाल दिलेला आहे.

शिकता शिकता कमावण्याचे रीतसर मार्ग वेगळे आहेत. काही पदवी अभ्यासक्रमांतच अप्रेंटिसशिप गुंफलेली असते, तिला अभ्यासाचे क्रेडिट मिळतात आणि कॉलेज, कंपनी, विद्यार्थी असा करार होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या वाचकांनी आपल्या कॉलेजात असा अभ्यासक्रम आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावं, दुसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. आणि कला-वाणिज्यवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप नसते हाही गैरसमज आहे. बँका, विमा, हिशेब, दुकानांच्या साखळ्या, सगळीकडे पदवीधर अप्रेंटिस घेतले जातात.

तुझ्यासाठी मला जास्त योग्य वाटतं ते एकामागून एक. एक वर्ष अप्रेंटिसशिप, मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. यात वर्ष वाया जात नाही, मात्र तारखा नीट जुळल्या नाहीत तर खरोखरच जाऊ शकतं, आणि इथे मला तुझं पूर्ण लक्ष हवंय. डिप्लोमाचा निकाल उन्हाळ्यात लागतो आणि डिग्रीचे प्रवेश पावसाळ्याच्या सुरुवातीला चालतात. तुझी अप्रेंटिसशिप जुलैत सुरू झाली तर पुढच्या जुलैत संपेल, प्रवेशाला तू मोकळी. पण कंपनीने बोलावता बोलावता नवरात्र आणलं, तर तुझं वर्ष पुढच्या नवरात्रात पुरं होईल. मधे प्रवेश येऊन जातील आणि तुझ्यापुढे दोनच वाटा राहतील : करार अर्धवट सोडणं, नाहीतर आणखी एक वर्ष थांबणं. अर्धवट सोडलंस तर प्रमाणपत्र नाही, आणि करारातल्या अटींप्रमाणे भरपाईचा प्रश्नही येऊ शकतो. म्हणून मुलाखतीत स्टायपेंडच्या आधी ‘रुजू कधी व्हायचं’ हे विचार. रुजू व्हायची तारीख ऑगस्टच्या पुढची असेल तर माझं मत बदलतं. मग त्या वर्षी सरळ डिग्रीला जा. आणि डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा, डीडीसीईटी, तिचा अभ्यास कंपनीत रुजू झाल्यावरही रोज थोडा चालू ठेव. पाळीवरून आल्यावर पुस्तक उघडणं कठीण असतं. सकाळी बसच्या आधीचा अर्धा तास त्यापेक्षा बरा.

शोधायचं कुठे? डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी शिक्षण मंत्रालयाचं नॅट्स पोर्टल. आपला पश्चिम विभाग मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडे आहे. आयटीआय झालेल्यांसाठी आणि दहावी-बारावीवाल्यांसाठी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल. दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. ‘पोर्टलवर नाव चढवून देतो, दोन हजार द्या’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिर. पण पोर्टलवर नाव घालून घरी बसणाऱ्याला कोणी बोलावत नाही, हेही तितकंच खरं. तुमच्या पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंट सरांना भेट आणि मागच्या वर्षीच्या अप्रेंटिसांची नावं माग. तरसाली आणि गोरव्याच्या आयटीआयमध्ये अप्रेंटिस विभागात जाऊन विचार, तू आयटीआयची नसलीस तरी कुठली कंपनी नियमित अप्रेंटिस घेते हे तिथल्या लोकांना पाठ असतं. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी अप्रेंटिस मेळावे भरवण्याची केंद्राची योजना आहे, तिथे कंपन्या स्वतः येऊन बसतात. कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगरचा खत कारखाना, प्रतापनगरची रेल्वे, वीज कंपनी अशा ठिकाणच्या जाहिराती वर्षातून ठराविक काळात येतात, त्यांची वेबसाइट आठवड्यातून एकदा स्वतः उघडून बघायची सवय लाव. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली जाहिरात बऱ्याचदा मुदत संपलेली असते.

आजोबांच्या म्हणण्यात त्यांच्या काळापुरतं तथ्य आहे. त्यांनी पाहिलं तेच ते सांगतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण आजचा कायदा सांगतो की प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन कंपनीवर नाही. अप्रेंटिसांना घेण्याबद्दल प्रत्येक कंपनीने आपलं धोरण ठरवायचं असतं. तर मग तेच विचारावं : मागच्या दोन बॅचमधून किती जणांना घेतलंत? उत्तर टाळलं तर ते उत्तरच समज. रेल्वेत तेवढं वेगळं आहे. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, पण परीक्षा त्यांनाही द्यावी लागते. तुझी निवड कायम होण्याच्या आशेवर उभी नसावी, वर्षभरात तुझ्या हातात काय येणार यावर असावी. मुलाखतीत निःसंकोच विचार : कुठकुठल्या विभागात फिरवता, किती किती महिने, शिकवणारं माणूस कोण? ‘बारा महिने डिस्पॅच’, म्हणजे नुसती माल पाठवणी, असं कळलं तर बिल्ला कितीही मोठ्या कंपनीचा असो, तुझ्यासारख्या मेकॅनिकलवालीने तिथे जाऊ नये असं मला वाटतं.

आईच्या काळजीला मी कमी लेखणार नाही. मंजुसर-सावली पट्टा शहरापासून लांब आहे आणि संध्याकाळी परतताना रस्ता सुनसान असतो. या काळजीचं उत्तर ‘आई, जग बदललंय’ असं देऊ नकोस, ठोस माहिती दे. कंपनीची बस आपल्या घराजवळ कुठे थांबते? दुसरी पाळी करावी लागते का, आणि लागली तर बस घराजवळ सोडते का? शॉप फ्लोअरवर आणखी मुली आहेत का, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली त्याच इमारतीत आहे की लांब? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, आणि २०१३ चा तो कायदा अप्रेंटिसांनाही पूर्ण लागू आहे. समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन पहिल्याच आठवड्यात टिपून ठेव. शक्य झालं तर रुजू होण्याआधी आईला घेऊन एकदा गेटपर्यंत जाऊन ये. गेटवर सुटणारी पाळी, तिच्यातल्या मुली आणि उभ्या बसेस डोळ्यांनी पाहिल्यावर आईचे निम्मे प्रश्न मिटतील, आणि उरलेले खरे असतील, त्यांची उत्तरं कंपनीकडून घ्यायची.

मुलीने कारखान्यात हात काळे करायचे का, हा सूर तुझ्या पत्रात हळूच येऊन जातो. आई तसं म्हणाली की शेजारचं कोणी, ते तू लिहिलं नाहीस. पण आपल्या याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने काम शिकवण्यासाठी : रंगाई, यंत्रकाम, सुतारकाम. आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी तिथूनच वाढलेली आहे. वडोदऱ्याच्या मराठी घरांनी कारकुनीला जेवढा मान दिला तेवढा लेथला दिला असता तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

रुजू झालीस की एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कर : डायरी. अप्रेंटिसने कामाची नोंद ठेवायची असतेच, पण बहुतेक मुलं महिनाअखेरीला एकत्र बसून ‘मशीन शॉपमध्ये काम केले’ असं तीस ओळी लिहून टाकतात. तू असं लिही : ‘शाफ्टचा व्यास २५ मिमी हवा होता. मायक्रोमीटरने मोजला, लागोपाठ तीन नग ०.०५ ने मोठे. ऑपरेटरकाकांनी टूलची धार दाखवली, झिजली होती. टूल बदलल्यावर चौथा नग बरोबर.’ चार ओळी पुरतात. वर्षाच्या शेवटी नोकरीच्या मुलाखतीत ‘काय शिकलात?’ विचारलं की या डायरीतून तुझ्याकडे सांगायला खरं काहीतरी असेल. डिग्रीच्या वर्गात मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र शिकताना बाकीच्यांना जे फळ्यावर दिसेल ते तू हातात धरलेलं असेल. आणि ज्या काकांनी धार दाखवली त्यांच्याशी नीट वाग. इंजिनिअर तुला वेळापत्रक देतील, काम तुला हे लोक शिकवतील. त्यांना डिप्लोमाचा तोरा दाखवणाऱ्या मुलांना ते काही सांगत नाहीत.

स्टायपेंड थकला, करारात नसलेलं काम सतत दिलं जाऊ लागलं, ओव्हरटाइमची सक्ती झाली, तर आधी ट्रेनिंग विभागाला तोंडी न सांगता ई-मेलने लिही. दखल घेतली नाही तर पोर्टलवर तक्रार करता येते. बोर्डाकडे लिहिताना कराराचा नोंदणी क्रमांक लागतो, म्हणून कराराची प्रत फोनमध्ये आणि बाबांकडे, दोन्हीकडे असू दे.

तर माझं मत असं : घरचा हिशेब आणि शिष्यवृत्तीचं उत्तर आधी. त्यातून डिग्री लगेच जमत असेल तर डिग्री. जमत नसेल आणि सावलीची कंपनी जुलै-ऑगस्टमध्ये, फिरत्या विभागांसह घेत असेल तर सावली. मकरपुरा कागद झाला तरच. मामांना नाही म्हणणं जड जाणार, म्हणून आईने नाही, तूच फोन कर. ‘मामा, त्यांनी पोर्टलवर करार केला तर मी उद्या येते, नाहीतर पुढे डिग्रीनंतर त्यांच्याकडे नक्की अर्ज करेन’ एवढंच म्हण. मामा दुखावणार नाहीत, आणि त्या शेठचं दारही उघडं राहील.

या आठवड्यात एवढं उरक : आधारला तुझाच मोबाइल नंबर जोडलेला आहे का बघ, बँक खातं आधारशी जोडून घे, कारण सरकारच्या वाट्याचे पैसे थेट खात्यात येतात. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तपास. आपल्याकडे गुजराती शाळेत वडिलांचं नाव एक लिहिलेलं असतं आणि आधारवर भाई लागून दुसरंच, आणि ऐन नोंदणीच्या दिवशी पोर्टल तिथेच अडतं. फरक निघाला तर दुरुस्तीला दिवस लागतात, तेव्हा निकालाची वाट न बघता आत्ताच अर्ज देऊन टाक.